प्रधान सचिवाचा राजीनामा, जानेवारी १९८५

गोव्यात फोंड्याला आमचा रविवारचा अभ्यासवर्ग चालतो. सरकारी परीक्षांना बसणारी मुलं येतात. कोणी सत्तरीतून, कोणी सांग्याहून, कोणी थेट पेडण्याहून पहिली बस पकडून. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर आहे आणि त्यात प्रकरणं सोडवावी लागतात. मार्गदर्शकांत छापलेली प्रकरणं बहुतेक एकाच साच्याची असतात. तुम्ही जिल्हाधिकारी, आमदाराचा फोन आला, काय कराल? उत्तर काय लिहायचं हे प्रश्न वाचायच्या आधीच मुलांना ठाऊक असतं. म्हणून मी अधूनमधून नावं झाकून खरं घडलेलं काहीतरी देतो. त्यातलं सर्वांत जास्त वाद घडवणारं प्रकरण हे.

तुम्ही पंतप्रधानांचे प्रधान सचिव आहात. ज्यांनी तुम्हाला नेमलं त्या पंतप्रधानांची हत्या झाली. त्यांच्या जागी आलेल्या त्यांच्या मुलाने तुम्हाला त्याच खुर्चीवर ठेवलं. निवडणूक झाली, अफाट बहुमत मिळालं, नव्या सरकारचा शपथविधी होऊन तीन आठवडेही लोटले नाहीत, तोच कळतं की तुमच्या कार्यालयातला स्वीय सहायकच गोपनीय कागद बाहेर देत होता. तुमच्यावर कोणी बोट ठेवलेलं नाही. आता?

उत्तरं ठरलेली येतात. चौकशीला संपूर्ण सहकार्य, कार्यालयाच्या सुरक्षेचा आढावा, दोषींवर कठोर कारवाई, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण. राजीनामा जवळपास कोणीच लिहीत नाही. लिहिलाच तर शेवटच्या ओळीत, ‘गरज भासल्यास’ असं शेपूट लावून.

नाव उघड केलं की वर्गात कुजबुज होते. पी. सी. अलेक्झांडर. कोणाच्या तरी घरात आठवण असतेच: अरे, हे तर आपले राज्यपाल होते.

होते, पण ते पुढचं. जन्म १९२१ चा, त्रावणकोरातल्या मावेलिक्करा गावचा. भारतीय प्रशासकीय सेवेत १९४८ मध्ये आले, म्हणजे ही सेवा नुकती उभी राहत होती तेव्हाचे. बराच काळ लघुउद्योग आणि व्यापार या खात्यांत गेला. ही खाती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाहीत, पण माणसाला आकडे, वाटाघाटी आणि धीर हे तिन्ही शिकवतात. केंद्रात व्यापार सचिव झाले, मग जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राचे कार्यकारी संचालक. तिथून १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना प्रधान सचिव म्हणून बोलावून घेतलं. साठीला टेकलेला, बाहेरून आलेला, दिल्लीच्या गटातटांत फारसा न गुंतलेला अधिकारी.

या पदाचं काम काय, हे मुलांना समजावताना मी लांब जात नाही. पर्वरीहून सांगोल्डा, साळगावमार्गे कळंगुटकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही सगळे चोगम रोड म्हणतात. त्यावरून रोज जाणाऱ्या मुलांतल्या निम्म्यांना चोगम म्हणजे काय ते माहीत नसतं. नोव्हेंबर १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांच्या शासनप्रमुखांची परिषद, म्हणजेच चोगम, दिल्लीत भरली आणि मधल्या शनिवार-रविवारी त्या सगळ्यांना गोव्यात आणलं गेलं. आग्वादच्या ज्या किल्ल्यात पोर्तुगिजांनी आपल्या स्वातंत्र्यसैनिकांना कोंडलं होतं, त्याच्याच शेजारी ब्रिटनच्या मार्गारेट थॅचर, कॅनडाचे त्रुदो, ऑस्ट्रेलियाचे हॉक अशी मंडळी उतरली. महिनाभरापूर्वीच अमेरिकेने ग्रेनाडा या राष्ट्रकुलातल्या चिमुकल्या देशात सैन्य उतरवलं होतं आणि त्यावरून सभासद देशांत दोन तट पडले होते. सायप्रसचा प्रश्नही तेवढ्यातच पेटला होता. तरीही आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचं एक संयुक्त निवेदन इथून निघालं आणि त्याला गोवा जाहीरनामा असंच नाव मिळालं. त्याच वर्षी मार्चमध्ये अलिप्त राष्ट्रांची शिखर परिषदही दिल्लीत झाली होती. दोन्हींच्या आयोजनाचा भार नटवर सिंह यांच्यावर होता. अलेक्झांडर त्या वेळी प्रधान सचिव होते, आणि अशा वेळी प्रधान सचिवाचं काम कोणाच्याच नजरेत भरत नाही: कोणत्या मंत्रालयाचं टिपण पंतप्रधानांनी आधी वाचायचं, कोणतं थांबवायचं, दोन खात्यांचं जमत नसेल तर शेरा कोणत्या बाजूने जायचा. रस्त्याला नाव परिषदेचं लागतं, आणि ते बरोबरच आहे.

आता नियमाकडे पाहा. केंद्र सरकारच्या कार्यवाटप नियमांत, १९६१ च्या, प्रत्येक मंत्रालयाच्या नावाखाली विषयांची लांबलचक यादी आहे. पंतप्रधान कार्यालयाच्या नावाखाली काय आहे? पंतप्रधानांना सचिवीय साहाय्य देणे. एवढंच. कोणत्याही विषयाचा अधिकार त्या कार्यालयाला स्वतःहून नाही. तरी एल. के. झा शास्त्रीजींच्या काळात, हक्सर इंदिराजींच्या पहिल्या पर्वात, ब्रजेश मिश्रा वाजपेयींच्या काळात, हे सगळे भल्याभल्या मंत्र्यांपेक्षा वजनदार होते. ते वजन येतं कुठून? आमच्याकडे देवस्थानच्या समितीत मुखत्यार असतो. कोर्टकचेऱ्यांत देवस्थानच्या वतीने तोच उभा राहतो, लोक त्यालाच ओळखतात. पण त्याच्या सहीमागचा जोर महाजनांचा, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांचा असतो आणि त्यांनी मान फिरवली की ती सही साधी शाई होते. प्रधान सचिवाचं तेच. हे एकदा डोक्यात बसलं की १९८५ चा राजीनामा वेगळा दिसू लागतो.

मोठ्या नेत्याजवळच्या माणसांचे दोन प्रकार असतात, आणि गोव्यात ते सांगायची गरज पडत नाही. पर्वरीच्या सचिवालयात मुख्यमंत्र्यांकडे काम घेऊन गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की सचिव वेगळा आणि ओएसडी, म्हणजे विशेष कार्य अधिकारी, वेगळा. एक फाइल सांभाळतो, दुसरा दार. इंदिरा गांधींकडे दार आर. के. धवन यांच्या हातात होतं. नेहरूंकडे ते बराच काळ एम. ओ. मथाई यांच्याकडे होतं, आणि मथाईंना जानेवारी १९५९ मध्ये आरोपांच्या गदारोळात जावं लागलं. धवन यांचं आणखी वाईट झालं. हत्येच्या सकाळी ते इंदिराजींच्या मागोमाग चालत होते. त्यांना काही झालं नाही म्हणून कुजबुज सुरू झाली, हत्येची चौकशी करणाऱ्या ठक्कर आयोगाने संशयाची सुई त्यांच्याकडे वळवली, आणि पुढे सिद्ध काहीच झालं नाही. ते राजकारणात परतले, खासदार झाले, राज्यमंत्रीही झाले. दार सांभाळणाऱ्याला संशय जडला तर तो वर्षानुवर्षं चिकटतो, कारण त्याच्या कामाचा कागद कुठेच नसतो. फाइल सांभाळणाऱ्याचं तसं नाही. त्याच्या कामाचा कागदच कागद असतो आणि धोकाही तिथूनच येतो.

३१ ऑक्टोबर १९८४ चा दिवस मी थोडक्यात सांगतो. दिल्लीच्या एम्समध्ये दुपारी पुढच्या पंतप्रधानाचा प्रश्न उभा होता. सोनिया गांधी पतीला हे पद घेऊ नका म्हणून विनवत होत्या, राजीव त्यांची समजूत काढत होते. हे दृश्य जगाला कळलं ते मुख्यतः अलेक्झांडर यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींमुळे. राष्ट्रपती झैलसिंग येमेनच्या दौऱ्यावरून परतले आणि संध्याकाळी शपथविधी झाला. प्रधान सचिव तेच राहिले. डिसेंबरात निवडणुका झाल्या, काँग्रेसला चारशेहून जास्त जागा मिळाल्या. इतकं बहुमत त्याआधी कोणाला मिळालं नव्हतं.

आणि मग जानेवारीचा मध्य.

कुमार नारायण या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. हा गृहस्थ दिल्लीत एका खासगी कंपनीचं काम पाहायचा. सरकारी कचेऱ्यांतले स्वीय सहायक, लघुलेखक, कारकून यांच्याशी त्याची ओळख. कागद संध्याकाळी बाहेर यायचे, त्यांच्या फोटोकॉपी निघायच्या, मूळ कागद परत जागेवर. त्या काळच्या बातम्यांत मोबदल्याचं वर्णन वाचलं की हसावं की रडावं कळत नाही: दारूच्या बाटल्या आणि किरकोळ रकमा. पंतप्रधान कार्यालय, संरक्षण खातं, राष्ट्रपती भवनापर्यंत धागे पोचलेले. कागद परकीय दूतावासांत जात होते. फ्रेंच दूतावासातल्या लष्करी अधिकाऱ्याला देश सोडावा लागला, पूर्व युरोपातल्या काही राजनैतिक अधिकाऱ्यांनाही. अटका झाल्या त्यांत प्रधान सचिवांच्याच कार्यालयातला माणूस होता. राजीव गांधींनी संसदेत निवेदन केलं, आणि १८ जानेवारी १९८५ रोजी अलेक्झांडर यांनी राजीनामा दिला.

वर्गात इथे पहिला आक्षेप नेहमी एकच येतो. सर, त्यांनी काय केलं होतं? शिपायाने चोरी केली तर हेडमास्तर नोकरी सोडतो का?

आक्षेप खोटा नाही. म्हणून मी दुसऱ्या दोन उदाहरणांकडे जातो. १९५६ मध्ये तमिळनाडूत अरियालूरजवळ रेल्वे अपघात झाला आणि लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडलं. ते मंत्री होते. संसदेपुढे उत्तर देणं हे त्यांचं घटनात्मक काम. मुंदडा प्रकरणात, म्हणजे आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती मुंदडांच्या कंपन्यांत गुंतवल्याच्या घोटाळ्यात, १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी गेले ते त्याच नात्याने. त्याच प्रकरणात अर्थ खात्याचे सचिव एच. एम. पटेल यांचीही सनदी कारकीर्द संपली. पण पटेल यांच्यावर निर्णयात सहभाग असल्याचा ठपका होता, त्याची रीतसर चौकशी झाली. ते पुढे राजकारणात आले आणि १९७७ मध्ये त्याच खात्याचे मंत्री झाले. अलेक्झांडर या दोन्ही चौकटींत बसत नाहीत. संसदेपुढे उत्तर त्यांना द्यायचं नव्हतं. निर्णयातला दोषही त्यांच्यावर नव्हता.

माझं म्हणणं असं, आणि ते पटवायला मला दरवेळी पाऊण तास लागतो. खात्याचा सचिव अशा वेळी खुर्चीवर राहू शकतो, कारण नियमांनी दिलेला अधिकार संशयाने कमी होत नाही. चौकशी होईपर्यंत तो सही करतो आणि सही चालते. प्रधान सचिवाची सही चालते ती ‘हा बोलतोय म्हणजे पंतप्रधान बोलताहेत’ या समजावर. जानेवारीच्या त्या सकाळी परराष्ट्र किंवा संरक्षण सचिवाने त्या कार्यालयात गोपनीय टिपण पाठवताना क्षणभर हात आखडला असता, तरी काम तिथेच थांबलं असतं. तोंडावर कोणी काही बोललं नसतं. फक्त टिपणं मोघम होत गेली असती, महत्त्वाचं ते भेटीत सांगू म्हणून राखून ठेवलं गेलं असतं, आणि दोन महिन्यांत पंतप्रधान अर्धवट माहितीवर निर्णय घेऊ लागले असते. निर्दोषत्व सिद्ध करायला जो वेळ लागतो तो या पदाजवळ नसतो. किती वेळ, ते पाहा: या खटल्याचा निकाल लागला २००२ मध्ये, सरकारी गोपनीयता कायद्याखाली शिक्षा झाल्या तेव्हा सतरा वर्षं उलटली होती. मुख्य आरोपी निकालाआधीच मरण पावला होता.

दुसरी एक गोष्ट मुलांना लवकर सुचत नाही. कोणते कागद गेले, कोणाच्या टेबलावरून गेले, कुलूप कोणाकडे होतं, हे तपासायचं तर त्या कार्यालयातल्या प्रत्येकाला, सर्वांत वरच्यालाही, विचारावं लागणार. वरचा जागेवर असेल तर तपास अधिकाऱ्याने त्याला विचारायचं कसं? तो साधा, सज्जन असला तरी. सज्जन असला तर अधिकच अवघड. समोरचा भिडेखातर दोन प्रश्न गिळतो. आपल्याकडे भीड ही काय चीज आहे ते गोव्याच्या सरकारी कचेऱ्यांत काम केलेल्या माणसाला मी काय सांगणार.

काही दिवसांतच त्या लोकसभेत पक्षांतरबंदीचं विधेयक मंजूर झालं. चाळीस आमदारांच्या आमच्या विधानसभेत त्या कायद्याचं पुढे काय काय झालं तो वेगळ्या रविवारचा विषय, आणि एका रविवारी मावणारा नाही.

राजीनाम्यानंतरची कारकीर्द पाहिली की आक्षेपांचा सूर बदलतो. त्याच वर्षी अलेक्झांडर लंडनला उच्चायुक्त म्हणून गेले. फेब्रुवारी १९८८ मध्ये तमिळनाडूचे राज्यपाल झाले. तिथे राष्ट्रपती राजवट होती, म्हणजे जवळजवळ वर्षभर राज्याचा कारभार त्यांनीच चालवला. जानेवारी १९८९ मध्ये निवडणूक झाली, काँग्रेस हरली आणि द्रमुक सत्तेवर आला. १२ जानेवारी १९९३ ला, मुंबई दंगलीत जळत असताना, ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि साडेनऊ वर्षं राहिले. सुधाकरराव नाईकांपासून विलासराव देशमुखांपर्यंत पाच मुख्यमंत्री त्यांनी पाहिले. इंदिराजींच्या दरबारातला माणूस शिवसेना-भाजप युतीच्या राज्यातही राजभवनात टिकला. इतका, की २००२ मध्ये राष्ट्रपतिपदासाठी वाजपेयींच्या आघाडीला त्यांचं नाव चालत होतं. काँग्रेसला चाललं नाही. राष्ट्रपती अब्दुल कलाम झाले. अलेक्झांडर महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले, २००८ पर्यंत खासदार होते, आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये वारले.

गोव्याचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे जुलै १९९६ ते जानेवारी १९९८ असा दीड वर्ष होता. अतिरिक्त कार्यभार म्हणजे राज्यपाल मुंबईत आणि दोना पावलाच्या टोकावरचं काबो राजभवन बरेचदा रिकामं. आमच्याकडे यावर तेव्हाही नाकं मुरडली गेली होती. पण त्याआधीचं आठवा. एप्रिल १९९४ मध्ये राज्यपाल भानुप्रकाश सिंह यांनी केंद्राला न विचारता विल्फ्रेड डिसोझांचं सरकार घालवून रवी नाईकांना शपथ दिली होती. नाईकांचं सरकार आठवडाही टिकलं नाही आणि राज्यपालांना तर त्यांच्याही आधी जावं लागलं. नंतरचंही आठवा: जुलै १९९८ मध्ये जनरल जेकब राज्यपाल असताना प्रतापसिंग राण्यांचं सरकार गेलं आणि पुन्हा डिसोझा आले. या दोन वादळांच्या मधला तो दीड वर्षांचा काळ शांत गेला. राणे मुख्यमंत्री होते, आणि राजभवनाची बातमी व्हावी असं काही घडलं नाही. याचं श्रेय मी अलेक्झांडर यांना देणार नाही. आमदार फुटले नाहीत म्हणून राज्यपालाची परीक्षा झाली नाही, इतकंच त्यातून म्हणता येतं.

तर दुसरा आक्षेप, जो मला पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. सांग्याच्या एका मुलीने तो उत्तरपत्रिकेत सरळ लिहिला होता: ज्या राजीनाम्यानंतर त्याच वर्षी लंडनचा बंगला मिळतो, त्याला जबाबदारी घेणं म्हणायचं की बदली? मी तिला म्हटलं, बाई, हिशेब दोन्ही बाजूंनी मांड. मान गेला नाही हे खरं. पण पंतप्रधानांच्या खोलीतली जागा गेली ती गेलीच. तिथे सरला ग्रेवाल आल्या, आणि अलेक्झांडर पुन्हा कधीही त्या दालनात कामाला बसले नाहीत. देशाच्या प्रत्येक फाइलवर नजर असणाऱ्या माणसाला लंडनची मेजवानी ही बढती वाटत नाही. तिचं समाधान झालं नाही. चेन्नईचं ते वर्षभराचं राज्य तिने माझ्यापुढे टाकलं, आणि तिथे माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं. सत्ता त्यांना परत मिळाली होती, फक्त पत्ता बदलून.

तिसरा प्रश्न वाळपईच्या मुलाचा. त्याने काहीच लिहून दिलं नाही, वर्ग सुटताना विचारलं. सर, कागद गेले म्हणून राजीनामा दिला. पण अडीच महिन्यांपूर्वी दिल्लीत शिखांची कत्तल झाली, तेव्हा त्याच कार्यालयातून कोण गेलं?

कोणी नाही. दिल्लीचे नायब राज्यपाल पी. जी. गवई, महाराष्ट्रातलेच सनदी अधिकारी, त्यांना तडकाफडकी बाजूला केलं गेलं आणि त्यांच्या जागी गृह सचिवांना बसवलं. त्याच गृह सचिवांना, ज्यांच्या खात्याकडे दिल्लीचे पोलीस होते. पंतप्रधान कार्यालयातलं एक टेबलही हललं नाही. नियमाने याचं समर्थन करता येतं: दिल्लीची कायदा-सुव्यवस्था गृह खात्याची, साखळी नायब राज्यपाल आणि पोलीस आयुक्तांची, प्रधान सचिव त्या साखळीत कुठेच नाही. सचिवीय साहाय्य. उसनी सत्ता असलेल्याची जबाबदारीही उसनीच, असा तो युक्तिवाद. परीक्षेत हे लिहिलं तर गुण मिळतील.

मी त्याला सांगितलं की हे लिही, पण यावर विश्वास ठेवू नकोस. नियमांत नाव नसतानाही ज्या कार्यालयाचा एक फोन सचिवांना रात्री झोपेतून उठवत होता, तो फोन त्या तीन रात्री कोणाकोणाला गेला आणि कोणाला गेला नाही, हे विचारायचा हक्क त्याला आहे. अलेक्झांडर यांचा जानेवारीतला राजीनामा मला अजूनही योग्य वाटतो. नोव्हेंबरचा प्रश्न त्याने मिटत नाही.